ओसरीवरील पाठ : ‘समजा’ या शब्दाचें मोल

गेल्या मासीं या सदरांत आपण त्रैराशिकाचा विचार केला. त्याच्या पुढची पायरी समीकरणाची. म्हणून या मासीं तिकडे वळावें असें ठरवून मीं टांचणहि करून ठेविलें होतें. परंतु मध्यंतरीं घरीं एक लहानशी गोष्ट घडली, आणि तें टांचण बाजूस सारावें लागलें. आज समीकरण शिकवितां शिकवितां मला स्वतःचाहि एक जुना हिशेब चुकता करावयाचा आहे. वाचकांनीं तेवढी सवलत द्यावी.

गोष्ट अशी. आमची नात यंदा नववींत आहे. एके दिवशीं सायंकाळीं ती शाळेंतून आली ती दप्तर ओसरीवर टाकून थेट माजघरांत जाऊन बसली. दिवेलागण झाली, पानें वाढलीं, तरी बाईसाहेब उठेनात. शेवटीं तिच्या आजीनें जवळ घेऊन विचारलें, तेव्हां दप्तरांतून चाचणीची उत्तरपत्रिका निघाली. बीजगणिताच्या एका उदाहरणास तीन गुण होते. त्यांपैकीं हिला शून्य मिळालें होतें, आणि शेजारीं तांबड्या शाईनें ‘रीत चूक’ असें लिहिलें होतें. उदाहरण असें : एका ग्रंथालयांतील निम्मीं पुस्तकें मराठी, चौथा हिस्सा संस्कृत, पांचवा हिस्सा इंग्रजी आणि उरलेलीं ३५ हिंदी आहेत, तर एकूण पुस्तकें किती?

पोरीनें लिहिलें होतें : ‘समजा, पुस्तकें २० आहेत. निम्मीं १०, चौथा हिस्सा ५, पांचवा हिस्सा ४, मिळून १९. उरलें १. परंतु खरोखर उरलीं आहेत ३५. म्हणून एकूण पुस्तकें २० गुणिले ३५, म्हणजे ७००.’

ताळा करून पाहावा. सातशेंचे निम्मे ३५०, चौथा हिस्सा १७५, पांचवा १४०, बेरीज ६६५, उरलीं ३५. उत्तरांत तिळमात्र चूक नाहीं.

सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, उत्तर बरोबर आहे आणि रीतहि मला तरी समजते. मग शून्य कशाचें?” चिरंजीव तर सकाळींच शाळेंत जाऊन जाब विचारण्याच्या गोष्टी बोलूं लागले. घरांत मास्तर मी. तेव्हां सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मी मात्र हातांतल्या कागदाकडे पाहात गप्प बसलों. कारण तें शून्य माझ्या ओळखीचें होतें. चाळीस वर्षांपूर्वीं तसेंच एक शून्य मीं स्वतःच्या हातानें दिलें होतें.

तेव्हां मी नुकताच मास्तर झालों होतों. आमचें गडमुडशिंगी हें कोल्हापुराहून हुपरीकडे जातांना लागणारें गांव. सभोंवार सारा उंसाचा मुलूख. आतां गुऱ्हाळें पुष्कळ कमी झालीं. पण त्या काळीं हंगाम लागला कीं काहिलींतल्या रसाचा वास वर्गाच्या खिडकीपर्यंत येत असे. सातवीच्या वर्गांत एका गुळव्याचा मुलगा होता. मीं मुलांच्या जिव्हाळ्याचें म्हणून गुळाचेंच उदाहरण फळ्यावर घातलें : एका शेतकऱ्यानें आपल्या गुळाच्या रव्यांपैकीं अर्धे बाजारांत विकले, तिसरा हिस्सा वाटेकऱ्यास दिला, बारावा हिस्सा सोयऱ्याधायऱ्यांस वाटला, घरीं ७ रवे राहिले. तर एकूण रवे किती? इतर मुलें ‘समजा रवे क्ष’ अशी मांडणी करूं लागलीं. या मुलानें दोन ओळींत काम उरकलें : ‘१२ रवे धरले. ६ गेले, ४ गेले, १ गेला, १ राहिला. पण राहिलेत ७. म्हणून ८४.’

मीं विचारलें, “बारा हे तुला कोणीं सांगितले?”

तो म्हणाला, “गुर्जी, बारा हाईत असं न्हाई म्हनलो. बारा धरलं.”

मला तें उलट उत्तर वाटलें. “हें गणित आहे, अंदाजपंचे दाहोदरसे नव्हे,” असें मी भर वर्गांत बोललों, आणि वहींत शून्य मांडलें. मुलें हंसलीं. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेंत आला नाहीं. गळीत सुरू झालें कीं गुऱ्हाळावर चार हात अधिक लागतात. कितीतरी मुलें अशींच गळत. म्हणून त्याच्या न येण्याशीं माझ्या त्या शून्याचा संबंध जोडावा असें मला त्या वेळीं वाटलें नाहीं. आज तसें छातीठोकपणें म्हणवत नाहीं.

यांत माझी लाज दुहेरी आहे, ती कशी तें सांगतों. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलों. परंतु लहानपणीं संस्कृताचें अध्ययन यथासांग झालें होतें. भास्कराचार्यांच्या लीलावतींतील कांहीं श्लोक मला तोंडपाठ होते. त्यांत कमळांचें एक उदाहरण आहे. कोणा भक्तानें कमळांच्या राशीचा तिसरा भाग शंकरास, पांचवा विष्णूस, सहावा सूर्यास आणि चौथा देवीस वाहिला. उरलेलीं ६ कमळें गुरुचरणीं ठेविलीं. तर राशि केवढी, असा त्याचा आशय. या श्लोकाच्या विभक्ति मी धडाधडा सांगत असें. अन्वय लावीत असें. पण पाटी घेऊन तें उदाहरण मीं कधीं सोडविलें नाहीं. सेवानिवृत्त झाल्यावर, रिकामपणीं, पहिल्यांदा सोडवावयास बसलों, आणि भास्कराचार्यांनीं दिलेली रीति वाचतांच माझा हात थांबला. ती रीति त्या गुळव्याच्या पोराची होती.

आचार्यांनीं तिला ‘इष्टकर्म’ म्हटलें आहे. इष्ट म्हणजे आपल्या मनास येईल ती संख्या. ती खरी संख्या आहे असें क्षणभर धरावें. उदाहरणांत जें जें करावयास सांगितलें असेल तें तें तिच्यावर करावें. शेवटीं जें येईल त्यानें, उदाहरणांत दिलेल्या दृश्य संख्येस इष्टानें गुणून, भागावें. कमळांच्या उदाहरणांत ६० धरा, कारण ३, ५, ६ आणि ४ या सर्वांनीं ६० स निःशेष भाग जातो. भाग झाले २०, १२, १० आणि १५; बेरीज ५७; उरलीं ३. पण उरावयास हवींत ६. तेव्हां साठास सहांनीं गुणून तिनांनीं भागा : १२० कमळें. हवें तर ६० च्या ठिकाणीं १०० धरा. अपूर्णांकांनीं हात भरतील, परंतु उत्तर तेंच येईल.

हें कां साधतें? कारण येथें प्रत्येक वांटा हा संपूर्ण राशीचा ठराविक हिस्सा आहे. राशि दुप्पट केली तर प्रत्येक वांटा दुप्पट, आणि उरलेला भागहि दुप्पट. म्हणजे राशि आणि शेष यांच्यांत गेल्या मासांतील त्रैराशिकच आहे. त्या मुलानें अंदाज केला नव्हता. त्यानें एक संख्या धरून तिच्यावरून प्रमाण काढलें होतें. अंदाज करणारा मनुष्य धरलेल्या संख्येवरच थांबतो. धरलेलें चूक आहे हें ओळखून त्या चुकीच्या मापानें खऱ्याकडे जाणें ही निराळी गोष्ट आहे. ‘बारा आहेत’ आणि ‘बारा धरले’ या दोहोंतला भेद त्या बारा वर्षांच्या पोरास ठाऊक होता, मास्तरास नव्हता.

मग समीकरणाची गरजच काय, असें कोणी विचारील. नातीनेंहि तेंच विचारलें. तिला मीं दुसरें उदाहरण घातलें. आपल्या घरांतून मुंज-वास्तुशांतीच्या वेळीं हा हिशेब नेहमींचा आहे : आचारी कामाचे मूळ ३,००० रुपये घेतो, आणि वर दर पानामागें २० रुपये. त्याचे एकूण ७,००० रुपये झाले; तर पानें किती उठलीं? पोरीनें लगेच १०० पानें धरलीं. शंभर पानांचे २,००० आणि मूळचे ३,०००, मिळून ५,०००. मग इष्टकर्मानें ७,००० गुणिले १०० भागिले ५,०००, म्हणजे १४० पानें. मीं म्हटलें, “ताळा कर.” १४० पानांचे २,८०० आणि ३,००० मिळून ५,८०० च होतात. तिचा चेहरा उतरला.

येथें चूक कोठें झाली? मूळचे ३,००० रुपये पानांबरोबर वाढत नाहींत. पानें दुप्पट झालीं तरी ते तेवढेच राहतात. म्हणून एकूण रक्कम पानांच्या प्रमाणांत नाहीं, आणि एकदां धरून भागत नाहीं. दोनदां धरलें तर भागतें : १०० पानांस ५,०००, १५० पानांस ६,०००, म्हणजे ५० पानांस १,००० वाढले. हवे आहेत ७,०००, आणखी १,००० म्हणजे आणखी ५० पानें, एकूण २००. हीहि पुष्कळ देशांत चाललेली जुनी रीति आहे. परंतु प्रत्येक वेळीं असें धरीत बसण्यापेक्षां, संख्या न धरतां तिच्या जागीं नुसतें नांव धरलें तर? तें नांव म्हणजेच आपला ‘य’. पानें य; तर २० य + ३,००० = ७,०००. दोन्हींकडून ३,००० काढा; २० य = ४,०००; य = २००. जें काम बारा किंवा साठ धरून होत होतें, तेंच येथें कांहींहि न धरतां झालें. आणि ही रीति प्रमाण असो वा नसो, दोन्हीं ठिकाणीं चालते. समीकरणाचें मोठेपण तें एवढेंच, पण तें फार आहे.

हें नांव धरण्याचें कामहि आपल्याकडे जुनें आहे. इसवी सन ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तांनीं आपल्या सिद्धांतांत समीकरणांचा विचार केला. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ मध्यें, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. बीजगणितांत अज्ञात संख्येस ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जितकें असेल तितकें’ असें म्हटलें आहे, आणि लिहितांना केवळ ‘या’ एवढें आद्याक्षर लिहितात. ज्ञात संख्येस ‘रूप’; तिचें ‘रू’. अज्ञातें एकाहून अधिक असलीं तर पुढच्यांस रंगांचीं नांवें : कालक, नीलक, पीतक, लोहितक. मुलें शाळेंत आज इंग्रजी अक्षरें लिहितात, त्यांत कांहीं वावगें नाहीं. तथापि ‘जितकें असेल तितकें’ हें नांव सांगितलें कीं पुष्कळ मुलांचें भय निघून जातें, असा माझा अनुभव आहे. युरोपांत अज्ञातासाठीं शेवटचीं अक्षरें वापरण्याचा परिपाठ देकार्त या फ्रेंच पंडिताच्या १६३७ च्या ग्रंथापासून रूढ झाला. आणि बरोबरीचें दोन रेघांचें चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यानें १५५७ मध्यें छापलें. आपल्या आचार्यांजवळ तें चिन्ह नव्हतें. ते दोन पक्ष एकाखालीं एक लिहीत.

बीजगणितांतील एक प्रसिद्ध उदाहरण पाहूं; त्यावरून ‘पलीकडे नेलें कीं चिन्ह बदलतें’ या मंत्राचा अर्थ उलगडतो. एकाजवळ ६ घोडे आणि ३०० रूपें आहेत. दुसऱ्याजवळ तसेच १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रूपांचें ऋण आहे. दोघांचें धन सारखें. तर घोड्याची किंमत काय? आचार्यांच्या मांडणींत पहिली ओळ ‘या ६ रू ३००’, दुसरी ‘या १० रू १००’, आणि ऋण दाखविण्यासाठीं त्या शंभरावर एक टिंब.

आतां मंत्र न म्हणतां व्यवहारानें चला. दोघांजवळूनहि सहा सहा घोडे काढून घ्या. बरोबरी मोडत नाहीं. पहिल्याजवळ ३०० रूपें राहिलीं. दुसऱ्याजवळ ४ घोडे आणि शंभराचें ऋण. आतां दोघांसहि शंभर शंभर रूपें द्या. पहिल्याजवळ ४०० झालीं. दुसऱ्याचें ऋण फिटलें, ४ घोडे तेवढे राहिले. म्हणजे ४ घोड्यांचे ४००. एका घोड्याचे १००. ताळा : पहिल्याचे ६०० आणि ३०० मिळून ९००, दुसऱ्याचे १,००० वजा १००, तेहि ९००. ‘पलीकडे नेणें’ असें कांहीं नाहींच. दोघांस सारखें देणें किंवा दोघांपासून सारखें घेणें, एवढेंच आहे. ज्या घरांत दोन जावांस सारखें लुगडें घेण्याची चाल आहे, त्या घरांतल्या मुलांस हें सांगून समजणें अवघड जाऊं नये. बगदाद येथें इसवी सनाच्या नवव्या शतकांत अल्‌ख्वारिझ्मी यानें ज्या ‘अल्‌जब्र’ क्रियेवर ग्रंथ लिहिला, ती तरी काय? एका पक्षांतली तूट भरून काढून दुसऱ्या पक्षासहि तितकेंच देणें. त्यावरूनच पाश्चात्यांनीं या शास्त्रास नांव दिलें.

शाब्दिक उदाहरणांत मुलें अडतात तीं बहुधा आकड्यांनीं नव्हे, वाक्यांनीं. यासाठीं मी नातीस श्लोकाच्या अन्वयाची रीति लावून दिली. अन्वय लावतांना आपण आधीं क्रियापद शोधतों. उदाहरणांतलें क्रियापद म्हणजे ‘बरोबर होतें’, ‘इतकें झालें’, ‘तेवढेंच आहे’ हें वाक्य. तें समीकरणाचें बरोबरीचें चिन्ह. मग कर्ता शोधावा; जें विचारलें आहे तो कर्ता, त्यास ‘य’ म्हणावें. मग विशेषणें त्याच्या त्याच्या जागीं बसवावीं. ‘राम शामपेक्षां ५ नीं लहान’ यांत वजाबाकी कोणाच्या वयांतून, हें वाचून ठरवावें, ऐकून नव्हे. आणि शेवटीं उत्तर समीकरणांत नव्हे तर मूळ वाक्यांत घालून ताळा करावा. कारण समीकरणच चुकीचें मांडलें असेल तर त्यांत घातलेलें उत्तर खोटी साक्ष देतें.

हें सांगून मीं तिला घरचेंच उदाहरण घातलें. “मी सहासष्ट वर्षांचा, तूं चौदा. किती वर्षांनीं माझें वय तुझ्या तिप्पट होईल?” तिनें मांडलें : ६६ + य = ३ (१४ + य). म्हणजे ६६ + य = ४२ + ३ य. दोन्हींकडून य काढला, ४२ काढले; २४ = २ य; य = १२. बारा वर्षांनीं ती २६, मी ७८. पोरगी आकड्याकडे जराशी पाहात राहिली, आणि म्हणाली, “आजोबा, तेव्हां आपण हा ताळा दोघांनीं मिळून करूं.” मीं ‘बरें’ म्हटलें. दुसरें काय म्हणणार?

मग तिनें आपण होऊन विचारलें, “आणि पांचपट?” मीं म्हटलें, “मांड.” ६६ + य = ५ (१४ + य); ६६ + य = ७० + ५ य; यावरून ४ य बरोबर ऋण ४, आणि य बरोबर ऋण १. ती म्हणाली, “चुकलें. वर्षें ऋण कशीं असतील?” मीं म्हटलें, “शंभर रूपांचें ऋण असूं शकतें, तर एका वर्षाचें कां नसावें? ऋण १ वर्षानें म्हणजे केव्हां?” क्षणभर थांबून ती ओरडली, “गेल्या वर्षीं!” गेल्या वर्षीं मी ६५, ती १३. तेरा पंचे पासष्ट. समीकरणास भूत-भविष्याची चाड नसते. आपण पुढें विचारलें तरी उत्तर मागें असेल तर तें मागें बोट दाखवितें. त्या रात्रीं पोरीनें दोन घांस अधिक खाल्ले.

आतां तिच्या शून्याविषयीं. प्रश्नपत्रिका पुन्हा वाचली तेव्हां दिसलें कीं उदाहरणाच्या आरंभीं ‘समीकरण मांडून सोडवा’ असें स्पष्ट लिहिलें होतें. म्हणजे शाळेच्या बाजूसहि कांहीं तथ्य होतें. तें मीं चिरंजीवांस दाखविलें आणि जाब विचारण्याचा बेत रहित झाला. नातीनें त्याच कागदाखालीं दुसरी रीति मांडली : य − (य/२ + य/४ + य/५) = ३५, म्हणून य/२० = ३५, म्हणून य = ७००; आणि दुसऱ्या दिवशीं तो कागद आपणच बाईंना दाखविला. गुण वाढले नाहींत. परंतु बाईंनीं दोन्हीं रीति वर्गांत वाचून दाखविल्या, असें ती सांगत आली. माझ्या मतें हा न्याय पुरेसा झाला. मात्र माझ्या फळ्यावर चाळीस वर्षांपूर्वीं ‘समीकरण मांडून’ असे शब्द नव्हते. तेथें माझ्या बाजूस कांहींच तथ्य नव्हतें.

म्हणून त्याच आठवड्यांत लीलावतीची प्रत पिशवींत घालून मी त्या विद्यार्थ्याकडे गेलों. तो आज पन्नाशीपुढचा आहे. स्वतःचें गुऱ्हाळ चालवितो. रसाचा पेला पुढें करून त्यानें बसावयास घोंगडें घातलें. मीं आढेवेढे न घेतां सांगितलें, कीं तुझी रीति बरोबर होती आणि माझें शून्य चूक होतें. तो हंसला. म्हणाला, “शून्याचं काय न्हाई, गुर्जी. त्ये कवाच इसारलो. पर सगळ्या पोरांफुडं अंदाजपंचे म्हनलासा, त्ये तेवढं ऱ्हायलं. आमच्या आळीत अजून मला त्याच नावानं हाक मारत्यात.”

चाळीस वर्षें एका मनुष्यास लोकांनीं ज्या नांवानें हाक मारली, तें नांव मीं ठेविलेलें होतें. आणि मला तें ठाऊकहि नव्हतें. मला कांहीं बोलवेना. पुस्तक उघडून मीं त्याला कमळांचें उदाहरण मराठींत सांगितलें. चुलवाणांतल्या जाळाकडे पाहात त्यानें बोटें मोडलीं. “साठ धरू. ईस, बारा, धा, पंधरा. तीन ऱ्हायली. पायजेत सा. मग एकशेईस.” कागद नाहीं, लेखणी नाहीं. मीं म्हटलें, “ही रीति इसवी सन ११५० च्या ग्रंथांत आहे. भास्कराचार्यांची.” त्यानें विचारलें, “मग तवाच का न्हाई सांगितलासा?”

मीं म्हटलें, “तेव्हां मला ठाऊक नव्हती.”

मास्तरकीच्या साऱ्या वर्षांत हें वाक्य मीं कोणाही विद्यार्थ्यापुढें उच्चारलें नव्हतें. त्यानें मान हालविली, आणि काहिलीकडे जातां जातां म्हणाला, “नातवाला धाडतो ऐतवारी. त्येला त्ये यक्स का काय, त्ये जमत न्हाई.” मीं ‘धाड’ म्हटलें. आतां दर रविवारीं ओसरीवर दोन मुलें बसतात.

या संदर्भांत एक गोष्ट सांगून पाठ संपवितों. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें देवीच्या देवळांत एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो एकोणिसाव्या शतकांत विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून त्यांनीं तेथें मठ स्थापिला, आणि इसवी सन १२०७ मध्यें त्यास दान मिळालें. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. पण मठास बाजारांतून काय काय मिळावें हें सांगणाऱ्या ओळी जुन्या मराठींत आहेत, आणि त्यांत दर तेलघाण्यामागें पळी पळी तेल असेंहि आहे. घाणे किती हें कळलें कीं तेल किती हें कळावें, आणि तेल मोजलें कीं घाणे किती हें कळावें. मठांतल्या शिष्यांस दिव्याच्या तेलांतच पहिलें समीकरण मिळत होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. आजोबांची विद्या संस्कृतांत राहिली, पण तिचा दिवा तेल्याच्या घाण्यावर जळत होता. हें आपल्यासारख्या घरांतून विसरलें जातें. पोथी आपल्या फडताळांत असते आणि तिच्यांतली रीति गुऱ्हाळावर चालू असते. दोघांची गांठ घालून देणें हें मास्तराचें काम. तें मीं चाळीस वर्षें उशिरां केलें.

तेव्हां घरोघरीं मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आजोबा-आजींस, आई-बापांस माझी विनंति एवढीच : मुलाचें उत्तर आपल्या रीतीनें आलेलें नसलें, तर खोडण्यापूर्वीं ‘हें तूं कसें काढलेंस?’ असें एकदां विचारावें, आणि तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. रीति चुकीची असेल तर एक उलटें उदाहरण घालावें. तिची चूक ताळा आपोआप दाखवील. आणि नांव ठेवण्यापूर्वीं तर दहादां विचार करावा. वहींतलें शून्य खोडतां येतें. तोंडांतून गेलेला शब्द खोडण्यास कोणतेंच समशोधन नाहीं.

पुढील मासासाठीं तीन उदाहरणें. (१) म्हशीच्या दुधांत शेंकडा ७ आणि गाईच्या दुधांत शेंकडा ४ स्निग्धांश आहे. दोन्हीं मिसळून शेंकडा ५ चें १२ लिटर दूध करावयाचें, तर प्रत्येकी किती घ्यावें? (२) एका गुऱ्हाळांत १ टन उंसापासून ११० किलो गूळ उतरतो. ३० किलोचे ६६ रवे झाले, तर ऊंस किती गाळला? (३) दोघे भाऊ घरखर्चासाठीं मिळून महिना २६,००० रुपये देतात. थोरला धाकट्याच्या दुपटीहून २,००० अधिक देतो. तर प्रत्येकजण किती देतो? या तिहींपैकीं कोणतें उदाहरण एकदां धरून सुटेल आणि कोणत्यास ‘य’ च लागेल, तें आधीं ठरवावें आणि मग सोडवावें. उत्तरें पुढील अंकीं. आणि मुलानें निराळ्याच रीतीनें सोडविलें, तर ती रीति आम्हांस अवश्य कळवावी. चुकीची वाटली तरीहि.